चार निळ्या पट्ट्या

साल 1972. अमेरिकेतलं हार्वर्ड विद्यापीठ, क्लाउस वेबर यांची प्रयोगशाळा. तुमच्यासमोर पारदर्शक जेल आहे, बोट लावलं तर थरथरेल असं. जास्तीचा निळा रंग धुऊन गेलाय आणि चार पट्ट्या उरल्यात. क्यू-बीटा नावाच्या विषाणूच्या आरएनएच्या नकला काढणाऱ्या यंत्राचे, रेप्लिकेजचे, हे चार भाग. वजनं साधारण 70, 65, 45 आणि 35 हजार डाल्टन.

यातली 65 हजारांची तेवढी विषाणूची. दोन वर्षांपूर्वीच हे कळलंय. उरलेल्या तिन्ही इ. कोलाय या जिवाणूच्या, म्हणजे ज्याच्या घरात विषाणू शिरतो त्याच्याच. पण त्या घरात एरवी ही प्रथिनं करतात काय? थॉमस ब्लूमेंथल आणि टेरी लँडर्स वेबर यांच्यासोबत हेच शोधताहेत. जेल खाली ठेवा आणि लहान व्हा. दोन मायक्रॉनचा जिवाणू गावाएवढा दिसेल इतके लहान.

आत आषाढीला चंद्रभागेच्या वाळवंटात असते तशी दाटी आहे. सगळीकडे प्रथिनं बनवणारे रायबोसोम, आणि त्यांच्याकडे अमिनो आम्लं लादलेले टीआरएनए घेऊन धावणारं एक प्रथिन: ईएफ-टीयू. जिवाणूत याच्याइतकं मुबलक प्रथिन क्वचितच सापडेल. एक खेप टाकून ते रिकामं झालं की ईएफ-टीएस त्याला पुढच्या खेपेसाठी तयार करतं. ही जोडी थांबली तर नवं प्रथिन बनणं थांबेल आणि जिवाणू मरेल.

एवढ्यात एक धागा आत सरकतो. क्यू-बीटाचा आरएनए, सुमारे 4,200 अक्षरांचा. सोबत रेप्लिकेज आणलेलं नाही. रायबोसोम त्याला घरचाच संदेश समजून वाचू लागतो आणि तुमच्या डोळ्यांसमोर ती 65 हजारांची साखळी जन्माला येते. आता नक्कल सुरू होईल म्हणून तुम्ही थांबता. होत नाही. एकट्या साखळीला धड उभंही राहता येत नाही. मग ती शेजारून जाणाऱ्या ईएफ-टीयू आणि ईएफ-टीएसला धरते, आणि त्यांच्या आधारानं तिला आकार येतो. जेलवरच्या 45 आणि 35 हजारांच्या पट्ट्या म्हणजे हीच जोडी.

'आयत्या बिळावर नागोबा' ही म्हण इथे तोकडी पडते. नागोबा वारुळात राहतो, पण वारूळ बांधणाऱ्या वाळवीला तो आपल्या अंगात जोडून घेत नाही. विषाणूनं नेमकं तेच केलंय. त्यानं धरलेले हात असे आहेत की ते काढून घ्यायचे तर जिवाणूला आपलाच जीव गमवावा लागेल. मला विषाणूचं खरं बळ इथे दिसतं. तो काय घेऊन येतो यापेक्षा तो कोणाला धरतो हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

थोडं थांबा, एक पेच पाहा. धाग्यावर रायबोसोम एका टोकाकडून येतोय आणि रेप्लिकेजला नक्कल काढायची आहे उलट्या टोकाकडून. रूळ एकच आणि गाड्या समोरासमोर. यावर तोडगा असा, की रेप्लिकेज आधी रायबोसोमच्या चढण्याच्या जागेवरच जाऊन बसतं. आधीच निघालेले रायबोसोम आपलं काम संपवून उतरतात, नवा कोणी चढत नाही, वाट मोकळी होते. त्या जागी रेप्लिकेजला पकडून ठेवायला मदत करतं 70 हजारांचं चौथं प्रथिन. ते एस-1 आहे, एरवी रायबोसोमला संदेश धरून देणारं त्याचंच प्रथिन, हे 1974 मध्ये ओळखलं गेलं. रायबोसोमचाच हात रायबोसोमला अडवतोय!

आता 1972 पासून चार वर्षं मागे, 1968 च्या न्यूयॉर्कमध्ये या. मारिया तेरेसा फ्रांझे दे फर्नांडिस आणि त्यांचे सहकारी शुद्ध केलेलं रेप्लिकेज आणि क्यू-बीटाचा आरएनए परीक्षानळीत एकत्र करताहेत. काम नीट होत नाही. विषाणूचा स्पर्शही न झालेल्या जिवाणूच्या रसातला एक अंश त्यात घालताच नक्कल सुरू होते. त्या अंशात एक छोटं प्रथिन आहे, उष्णतेलाही दाद न देणारं. म्हणजे चार पट्ट्यांबाहेरही एक मदतनीस आहेच.

पुढे या, 2010 मध्ये. पडद्यावर रेप्लिकेजची त्रिमितीय रचना फिरतेय: विषाणूची साखळी, तिला बिलगलेले ईएफ-टीयू आणि ईएफ-टीएस. दोन वर्षांनी आणखी स्पष्ट चित्रं येतील. आरएनएची नवी साखळी मूळ साखळीपासून सुटी व्हायला ईएफ-टीयू मदत करतं, हे त्यांत दिसेल. नुसता आधार म्हणून धरलेला हात प्रत्यक्ष नक्कल काढण्यातही राबतोय.

आणि ते छोटं प्रथिन? आज त्याला एचएफक्यू म्हणतात. लहान आरएनएंची संदेशवाहक आरएनएंशी गाठ घालून देणं हे त्याचं रोजचं काम. ते नसेल तर साल्मोनेलाची रोग पसरवण्याची ताकद घटते. अनेक जिवाणूंत ते आढळतं आणि त्यावर काम करणाऱ्या कितीतरी प्रयोगशाळांचा विषाणूंशी काही संबंध नाही. नावातला 'क्यू' मात्र अजून क्यू-बीटाचाच आहे.