परसांतील पत्र्याचें आश्रयस्थान

सर जॉन अँडरसन हे १९३२ ते १९३७ पर्यंत बंगालचे गव्हर्नर होते. क्रांतिकारकांविरुद्धच्या कडक कारभारामुळें इकडे त्यांचें नांव गाजलें. इंग्लंडांत मात्र तें एका पत्र्याच्या खोपटाला चिकटून राहिलें. १९३८ च्या अखेरीस नागरिकांना हवाई हल्ल्यांपासून वांचविण्याचें काम त्यांच्याकडे आलें, आणि विल्यम पॅटरसन या इंजिनियराच्या आराखड्यावरून झालेलें आश्रयस्थान ‘अँडरसन’ म्हणून ओळखलें जाऊं लागलें. पहिलें २५ फेब्रुवारी १९३९ रोजीं लंडनच्या इस्लिंग्टन भागांतील एका परसांत उभें राहिलें.

रचना अगदीं साधी. जस्ताचा मुलामा दिलेले पन्हळी पत्रे एकंदर १४. त्यांतील सहा वांकविलेले. ते माथ्यावर बोल्टांनीं जोडले कीं कमान तयार झाली. लांबी साडेसहा फूट, रुंदी साडेचार, उंची सहा. आणि एवढ्यांत सहा माणसें! असल्या पत्र्यानें बाँब कसा अडावा? खरें रक्षण होतें मातीचें. खोपट चार फूट जमिनींत पुरावयाचें व वर निदान १५ इंच माती चढवावयाची, असा दंडक होता. जवळ बाँब फुटला, तर बराचसा धक्का माती शोषून घेई. उरलेला पत्रा दबून सोशी. विटांची भिंत अशा वेळीं ढांसळते. बाँब थेट माथ्यावरच पडला, तर मात्र इलाज नव्हता.

सरकार पत्रे देई. खड्डा ज्याचा त्यानें खणावयाचा. वर्षाला २५० पौंडांहून कमी मिळकत असणारांस तें फुकट, इतरांस ७ पौंडांना. युद्धास तोंड लागेपर्यंत सुमारें १५ लाख वांटलीं गेलीं, पुढें आणखी २१ लाख. कित्येकांनीं माथ्यावरील मातींत भाजीपालाहि लावला.

१९४० च्या सप्टेंबरांत लंडनवर रोज रात्रीं बाँब पडूं लागले, तेव्हां बाँबहून नित्याचा शत्रु ठरला तो पाणी. खड्ड्यांत पाणी सांचे, अंथरुणें ओलीं होत, थंडीनें झोंप लागत नसे. भोंगा वाजला तरी अनेक कुटुंबें घरांतली शय्या सोडीनात.

पण मोठी उणीव निराळीच होती. पूर्व लंडनच्या गोदीजवळील वस्तीवर पहिले घाव बसले, आणि तेथील पुष्कळ गरिबांच्या घरांना परसूच नव्हतें. ज्याच्यापाशीं खणावयास जमीन नाहीं, त्यानें फुकटचे पत्रे घेऊन करावें काय? हीं माणसें भुयारी रेल्वेच्या स्टेशनांत शिरलीं. सरकारनें प्रथम विरोध केला, मग माघार घेतली. घरांतच मांडतां येईल असा, बाजूंना जाळी असलेला पोलादी मेजासारखा निवारा निघाला तो १९४१ च्या मार्चमध्यें.

युद्ध संपल्यावर पत्रे परत गोळा करण्यांत आले. ज्यांनीं नाममात्र किंमत भरून ते ठेवून घेतले, त्यांच्या परसांत पुढें कुदळीं-फावडीं आणि सायकली त्यांच्याखालीं राहूं लागल्या.