फरकाचा आकडा

मंडळी, अमेरिकेत मार्च उजाडला की कॉलेजांच्या बास्केटबॉलची बाद फेरी सुरू होते आणि कोण जिंकणार याचे तक्ते ऑफिसाऑफिसांतून भरले जातात. तिकडे गेलेली आपली मुलेही त्यात मागे नाहीत.

हे भाकीत संख्याशास्त्राने बरेच सुधारले. केन पोमेरॉय हे मूळचे हवामानशास्त्रज्ञ. एकूण गुण न पाहता, चेंडू शंभर वेळा ताब्यात आला तर संघ किती गुण करतो आणि किती देतो, ते त्यांनी मोजले. शिवाय समोरचा संघ किती तगडा, तेही हिशोबात धरले. पण पावसाला वेधशाळेचा अंदाज कळत नाही, खेळणाऱ्या पोरांना कळतो. म्हणून मला त्याआधीची एक गोष्ट सांगाविशी वाटते.

चार्ल्स मॅकनील नावाचे एक गणिताचे मास्तर (म्हणजे आमचेच व्यवसायबंधू!) पुढे शिकागोत बुकी झाले. कोण जिंकेल यापेक्षा किती गुणांनी जिंकेल यावर पैज लावायची, ही पद्धत १९४० च्या दशकात त्यांनी काढली असे मानतात. बलाढ्य संघ दहाने जिंकेल असा आकडा निघाला, की पैज त्या दहावर. एकतर्फी सामन्यातही रंगत आली. आणि एक नवे पापही शक्य झाले. पूर्वी सामना विकायचा तर हरावे लागे. आता जिंकूनही विकता येऊ लागला. दहाऐवजी सहाने जिंका आणि पाकीट घ्या! मनाची समजूत घालायलाही सोपे... कॉलेजला कुठे हरवले आपण?

न्यूयॉर्कचे सिटी कॉलेज तेव्हा फी घेत नसे. तिथे बहुतेक मुले स्थलांतरितांची, गरीब घरांतली. १९५० मध्ये त्यांच्या संघाने त्या काळच्या दोन्ही मोठ्या राष्ट्रीय स्पर्धा एकाच मोसमात जिंकल्या. ते आजवर दुसऱ्या कोणाला जमलेले नाही. फेब्रुवारी १९५१ मध्ये त्याच संघातल्या मुलांना अटक झाली. चौकशी वाढली तशी सात कॉलेजांतले ३२ खेळाडू अडकले. एनबीएचे दार त्यांना बंद झाले. विशी-बाविशीची पोरे ती! मला त्यांचा राग येत नाही असे नाही, पण आकडा काढणाऱ्यांची नावे मात्र कुणाच्या तोंडी राहिली नाहीत.

असो. २०१८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पैजांवरचा केंद्रीय प्रतिबंध रद्द केला आणि एकेक राज्य परवानगी देत गेले. तो फरकाचा आकडा आता खेळाडूच्या स्वतःच्याच मोबाइलवर दिसतो.