‘त्याले काहून नाही देलं?’ : लाल कार्डाचा वाद आणि त्याचा इतिहास

२० डिसेंबर २०२३ ची रात्र. अंधेरीच्या मैदानावर मुंबई सिटी आणि मोहन बागान यांच्यात इंडियन सुपर लीगचा सामना चालू होता आणि इकडे गोसीखुर्दला आम्ही चार-पाच जण एका मोबाइलभोवती दाटीवाटीने बसलो होतो. तेराव्या मिनिटाला मुंबईच्या आकाश मिश्राला लाल कार्ड मिळालं. त्यानंतर कार्डांचा सिलसिला सुरू झाला तो थांबेना. हिशेब लागला तेव्हा सात खेळाडूंना लाल कार्ड मिळालेलं होतं : मुंबईचे चार, मोहन बागानचे तीन. मुंबईने सामना २-१ असा जिंकला, पण गोलांबद्दल कोणी बोलेना. एक पोरगा सारखा एकच प्रश्न विचारत होता, ‘‘ह्याले देलं, तं त्याले काहून नाही देलं?’’

तो मुंबईचा समर्थक होता, म्हणून त्याचं बोलणं सोडून देता आलं असतं. पण नीट ऐकलं तर त्याची तक्रार वेगळी होती. आपल्या खेळाडूला दिलेलं कार्ड चुकीचं होतं, असं तो म्हणत नव्हता. तसाच आडदांडपणा दुसऱ्याने केला तेव्हा पंचाचा हात खिशाकडे का गेला नाही, एवढंच तो विचारत होता. निर्णय बरोबर आहे का, हा एक प्रश्न. निर्णय सगळ्यांना सारखा आहे का, हा दुसरा. फुटबॉलच्या इतिहासात या दुसऱ्या प्रश्नाने पहिल्यापेक्षा जास्त राग पेटवला आहे, आणि गंमत अशी की लाल कार्डाचा जन्मही याच प्रश्नाच्या सावलीत झाला.

२ जून १९६२. चिलीची राजधानी सांतियागो. विश्वचषकात यजमान चिली आणि इटली समोरासमोर होते. पंच होते इंग्लंडचे केन अॅस्टन. सुरुवातीच्या काही मिनिटांतच त्यांनी इटलीच्या फेरिनीला बाहेर काढलं. तो जाईना, तेव्हा पोलिसांना मैदानात यावं लागलं. पुढे इटलीच्याच डेव्हिडलाही बाहेर जावं लागलं. पण चिलीच्या लिओनेल सांचेझने डेव्हिडला ठोसा मारला होता, मास्किओचं नाक फोडलं होतं. तो मात्र शेवटपर्यंत खेळला. चिलीने सामना २-० ने जिंकला. तो सामना ‘सांतियागोची लढाई’ म्हणून इतिहासात गेला आणि इटलीचे दोन बाहेर, चिलीचा एकही नाही, हा हिशेब इटालियन माणूस आजही विसरलेला नाही. अॅस्टन यांच्या बाजूने एवढंच म्हणता येईल की एका पंचाचे डोळे दोनच असतात आणि त्या दिवशी मैदानात भांडणं एकाच वेळी अनेक ठिकाणी चालू होती.

चार वर्षांनी, २३ जुलै १९६६ रोजी, वेम्बलीवर इंग्लंड आणि अर्जेंटिना यांची उपांत्यपूर्व लढत होती. जर्मन पंच रुडॉल्फ क्राइटलाइन यांनी अर्जेंटिनाचा कर्णधार रातिन याला बाहेर जायला सांगितलं. पंचाला स्पॅनिश येत नव्हतं, रातिनला जर्मन येत नव्हतं. आपण नेमकं काय केलं, हेच त्याला समजेना. कित्येक मिनिटं तो मैदानातच थांबला. सामन्यानंतर आणखी एक घोळ उघड झाला. पंचांनी जॅक आणि बॉबी या चार्लटन बंधूंचीही नावं आपल्या वहीत टिपली होती, आणि ही गोष्ट त्यांना वर्तमानपत्रातून कळली!

अॅस्टन आता विश्वचषकातल्या पंचांची व्यवस्था पाहत होते. लंडनच्या केन्सिंग्टन हाय स्ट्रीटवरून गाडीने जाताना त्यांच्यापुढे सिग्नल पिवळा झाला, मग लाल. भाषा कोणतीही असो, या दोन रंगांचा अर्थ सगळ्यांना कळतो, हे त्यांना तिथे सुचलं. १९७० च्या मेक्सिको विश्वचषकात पंचांच्या खिशात पहिल्यांदा पिवळी आणि लाल कार्डं आली. त्या संपूर्ण स्पर्धेत लाल कार्ड एकदाही निघालं नाही. विश्वचषकातलं पहिलं लाल कार्ड १९७४ मध्ये चिलीच्या कार्लोस कॅझेलीला मिळालं.

म्हणजे ज्या पंचावर असमान न्यायाचा ठपका बसला, त्यानेच जगाला कार्ड दिलं. पण अॅस्टन यांनी सोडवला तो वेम्बलीचा प्रश्न. सांतियागोचा प्रश्न तसाच राहिला. कार्डामुळे पंचाने काय ठरवलं ते लाखभर प्रेक्षकांना एका क्षणात कळतं. का ठरवलं, हे कार्ड सांगत नाही. उलट, पूर्वी वहीत दडलेला निर्णय आता हवेत उंच धरलेला दिसू लागला आणि प्रत्येक प्रेक्षक दोन प्रसंग शेजारी ठेवून ताडून पाहू लागला. इंग्लंडमध्ये १९७६ साली आणलेली कार्डं १९८१ मध्ये काढून घेतली गेली आणि १९८७ मध्ये परत आणली गेली, यावरून ज्या देशात त्यांची कल्पना सुचली तिथेही ती सहज पचली नाहीत हे दिसतं.

यात नियमपुस्तकाचाही वाटा आहे. बारावा नियम धसमुसळेपणाच्या तीन पायऱ्या करतो. खेळाडू निष्काळजी असेल तर फक्त फ्री किक, बेफिकीर असेल तर पिवळं कार्ड, आणि गरजेपेक्षा जास्त ताकद लावून समोरच्याला धोक्यात आणत असेल तर लाल. वाचायला हे सोपं आहे. पण निष्काळजीपणा कुठे संपतो आणि बेफिकिरी कुठे सुरू होते, याची रेषा मैदानावर चुन्याने आखलेली नसते. ती पंचाने क्षणात ओढायची असते, आणि पहिल्या मिनिटाला ओढलेली रेषा ऐंशीव्या मिनिटाला तिथेच ठेवायची असते.

ती सरकली, किंवा सरकल्यासारखी वाटली, की काय होतं हे आपल्या देशाने पाहिलं आहे. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर ईस्ट बंगाल आणि मोहन बागान यांच्या सामन्यात दिलीप पालित आणि बिदेश बोस यांची झटापट झाली, मैदानातली तेढ प्रेक्षकांत पसरली आणि दंगलीत, चेंगराचेंगरीत १६ जणांचा जीव गेला. त्या मृत्यूंचं कारण एका निर्णयात शोधणं अन्यायाचं होईल. दोन्हीकडचे समर्थक शेजारी-शेजारी बसवलेले होते, बंदोबस्त अपुरा होता. पण ठिणगी मैदानात पडली होती. ९ डिसेंबर २०१२ रोजी याच दोन संघांच्या सामन्यात मोहन बागानच्या ओडाफा ओकोलीला लाल कार्ड मिळालं, प्रेक्षकांतून आलेल्या दगडाने रहीम नबी जखमी झाला आणि मध्यंतरानंतर मोहन बागान मैदानात उतरलंच नाही. आधी बंदी आणि मग त्याऐवजी दोन कोटींचा दंड, अशी त्याची किंमत क्लबला मोजावी लागली.

आपल्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल अशा तालमींचे संघ भिडतात, तेव्हा हाच प्रश्न पेठेपेठेत विचारला जातो. तिथे पंच, खेळाडू आणि समर्थक एकाच शहरातले. अंधेरीचा पंच सामन्यानंतर विमानाने निघून जातो, कोल्हापूरच्या पंचाला दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यांवरून जायचं असतं.

मग तंत्रज्ञानाने हा वाद मिटेल का? २०१८ च्या विश्वचषकात व्हीएआर आला. अंधेरीच्या सामन्यात तो नव्हता, म्हणून आमच्यातल्या एकाने सगळा दोष त्यावरच टाकला. पण पडद्यावर पाहणाराही माणूसच असतो. शिवाय २०१८ च्या नियमांनुसार थेट लाल कार्ड तपासता येत होतं, दुसऱ्या पिवळ्यातून निघालेलं लाल नाही. खेळाडू दोन्हीकडे बाहेरच जातो, तपासणी मात्र एकाचीच! मला महत्त्वाची वाटते ती २०२३ च्या महिला विश्वचषकातली गोष्ट. तिथे व्हीएआर पाहून झाल्यावर पंच माइकवरून सगळ्या स्टेडियमला निर्णय आणि त्याचं कारण सांगू लागल्या. कार्ड येऊन त्रेपन्न वर्षं झाल्यावर कारण बोललं गेलं.

गोसीखुर्दच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. इथे वैनगंगेवरच्या धरणाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली आणि जमिनी टप्प्याटप्प्याने गेल्या. भूसंपादनाचा कायदाही मध्येच बदलला. त्यामुळे एका बांधाच्या अलीकडे एक दर आणि पलीकडे दुसरा, असे हिशेब घराघरांत ऐकायला मिळतात. जमीन गेल्याचं दुःख आहेच. पण चावडीवर जास्त वेळ बोललं जातं ते ‘त्याला तेवढे, मग मला एवढेच का’ यावर. ज्याला याचं उत्तर कारणासकट मिळालं, तो निदान शांत झोपतो. ज्याला नुसता कागद मिळाला, तो वर्षानुवर्षं फायली उघडत बसतो.

त्या रात्री मोबाइलची बॅटरी संपली तरी पोरगा उठेना. मी त्याला बारावा नियम सांगितला, तीन पायऱ्या सांगितल्या. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘‘हे पंचानं तवाच सांगतलं असतं तं मी कायले भांडलो असतो?’’