साहेबाची फजिती आणि संकलकाची कात्री

धाटावच्या कारखान्यातली पाळी संपवून अष्टमीला परतणाऱ्या एखाद्या कामगाराने सुपरवायझरच्या जाचावर पाच मिनिटांची विनोदी फिल्म करायची म्हटली, तर ती मोबाइलवरच चित्रित होईल आणि मोबाइलवरच जोडली जाईल. हत्यार नवं असलं तरी पेच जुना आहे. नोकरीतला वैताग रेंगाळणारा, रोज तोच तो. विनोदाला मात्र रेंगाळणं सोसत नाही. या दोहोंचा मेळ लेखकाच्या कागदावर अर्धाच बसतो, उरलेला संकलनाच्या टेबलावर बसवावा लागतो, असं माझं म्हणणं आहे. आपल्याकडे छोट्या विनोदपटाला फारसा मान नव्हता, म्हणून हे काम कुणाच्या डोळ्यांत भरलं नाही. १९१३च्या मे महिन्यात मुंबईच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, तेव्हा त्याच खेळात नकला आणि कसरतीही होत्या. पुढच्याच वर्षी खुद्द फाळक्यांनी ‘पिठाचे पंजे’ हा छोटा विनोदपट केला. आज हरिश्चंद्र सगळ्यांना ठाऊक, पंजे अभ्यासकांपुरते.

नाटकवाले यावर हरकत घेतील, आणि ती दमदार आहे. साहेबावरचा राग हसण्यावारी न्यायला मराठी माणसाला कात्री कधी लागली? वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये कोतवालीवर डोळा ठेवून बसलेल्या हवालदाराला डावलून प्रधानाच्या मेहुण्याची वर्णी लागते, बढती हुकलेल्या नोकरदाराचं याहून चोख चित्र दुसरं कुठलं? पण दादा कोंडक्यांचा हवालदार समोरच्या हशावर चालायचा. टाळी पडली की थांबायचं, प्रेक्षक गार पडले की पदरचं काही घालायचं. पडद्यावरच्या नटाला ही सोय नाही. हशा किती वेळ टिकेल, याचा अदमास रिकाम्या खोलीत बसलेल्या संकलकाला महिनोन्‌महिने आधी बांधावा लागतो. शिवाय काही विनोद रंगमंचावर होऊच शकत नाहीत. चॅप्लिनच्या ‘मॉडर्न टाइम्स’च्या (१९३६) सुरुवातीला मेंढरांचा कळप दिसतो आणि त्यातूनच कामावर निघालेली माणसांची गर्दी उमटते. तिथे ना नट, ना संवाद. दोन चित्रं एकामागे एक ठेवली, एवढंच.

म्हणजे संकलन म्हणजे भराभर कापणं, असं मात्र नाही. पुण्यात प्रभातच्या जागेवर १९६० साली उभ्या राहिलेल्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून कुंदन शहा आणि संकलक रेणू सलुजा बाहेर पडले. १९८३च्या त्यांच्या ‘जाने भी दो यारों’त धंदा न चालणारे दोन छायाचित्रकार बिल्डर, अधिकारी आणि संपादिका यांच्या कात्रीत सापडतात. त्यात एकाच खोलीत दोघे जण दोन फोनवरून एकमेकांशीच बोलतात. दोघांचे चेहरे आलटून पालटून दाखवले असते तर तो साधा फोन झाला असता. दोघं एका चौकटीत दिसतात म्हणून हसू फुटतं. न कापणं हाही संकलकाचाच निर्णय.

आता बोटाच्या एका फटकाऱ्यात कापता येतं, चुकलं तर परत जोडता येतं. मग एवढं अवघड काय राहिलं, असं कुणी विचारेल. फिल्मची पट्टी कापून चिकटवण्याची कटकट गेली, हे खरंच, आणि बरं झालं. पण मोबाइलवरचे बरेच हौशी विनोदवीर प्रत्येक विराम छाटून टाकतात. साहेब सावकाश चहा पितोय आणि रजेचा अर्ज धरलेला कारकून समोर उभा आहे, यातला चहाच उडवला तर वैतागही उडतो. उलट जे खरोखर काढायला हवं, ते काढवत नाही, कारण ते झकास वठलेलं असतं. ‘जाने भी दो यारों’मध्ये अनुपम खेर यांनी ‘डिस्को किलर’ नावाचा भाडोत्री मारेकरी रंगवला होता; चित्रीकरण झालं, आणि संकलनात ती भूमिका अख्खी गेली.