सावकारी आणि सत्ता : चासकर व बारामतीकर घराणी

‘सावकार’ या शब्दाची व्युत्पत्ती ‘साधुकार’ या रूपापासून सामान्यतः लावली जाते. ज्याच्या शब्दावर व्यवहार चालावा, तो सावकार. अठराव्या शतकात मराठी राज्याच्या स्वाऱ्या अशाच पतीवर चालत. स्वारीचा खर्च आधी होई, वसूल मागाहून येई. मधले अंतर सावकार भरून काढी. महालाच्या वसुलापोटी सरकारात आगाऊ भरावयाच्या रकमेस ‘रसद’ म्हणत. अशी रसद पुरविण्याची ऐपत असणाऱ्यास कारभारात शिरकाव मिळणे स्वाभाविकच होते.

चासकर जोशी हे याचे ठळक उदाहरण होय. कोकणातील तळसुरे गावचे हे घराणे भीमाकाठच्या चास येथे स्थिरावले. महादजी कृष्ण जोशी यांनी शाहू महाराजांस अडचणीच्या काळी द्रव्यसाहाय्य केले. त्यांची कन्या काशीबाई थोरल्या बाजीरावांस दिली होती. पुढे कल्याणची सुभेदारीही या घराण्याकडे आली. या नेमणुकीचे महत्त्व भूगोलावरून ध्यानी येते. जुन्नरहून नाणेघाट उतरून वैशाखरे व मुरबाडमार्गे कल्याणास जाणारी वाट सातवाहनकाळापासून व्यापाराची होती. तिच्या वरच्या अंगाच्या मुलखात चासकरांची पेढी आणि खालच्या टोकाशी त्यांचा अधिकार, अशी ही स्थिती होती.

बारामतीकर जोश्यांचा संबंधही असाच दुहेरी होता. बाजीरावांची भगिनी भिऊबाई ही आबाजी नाईकांची पत्नी. आबाजींचे बंधू बाबूजी नाईक हे बाजीरावांचे मोठे धनको. इ. स. १७४० मध्ये बाजीराव निवर्तले, तेव्हा रघूजी भोसल्यांच्या पाठिंब्याने बाबूजींनी स्वतःच पेशवेपदाची मागणी केली व त्यासाठी मोठा नजराणा देऊ केला. शाहू महाराजांनी तो न स्वीकारता बाळाजी बाजीरावांस वस्त्रे दिली. तेव्हा बाबूजींनी कर्जाचा तगादा लावला. महादजीपंत पुरंदऱ्यांनी रकमेची तजवीज करून तो प्रसंग निभावला.

दोन्ही घराण्यांजवळ द्रव्य होते आणि सोयरीकही होती. चासकरांनी पतीच्या बळावर अधिकार मिळविला, तो पेशव्यांच्या छायेत. बाबूजींनी तीच पत पेशव्यांविरुद्ध वापरली आणि तेथे तिची मर्यादा उघड झाली. पेशवा सावकाराचा ऋणको असला, तरी पेशवेपद छत्रपतींच्या देण्यातले होते. ते कोणत्याही रोख्यात गहाण पडलेले नव्हते. मात्र पराभवाने बारामतीकरांचे वैभव लोपले नाही. पुढे मोरोपंतांसारख्या कवीस आश्रय मिळाला, तो याच घराण्याचा.