संघाचे नाव आणि संघाचे स्वामित्व : महाराष्ट्रातील फुटबॉल-संघांच्या इतिहासाचा एक विचार

फुटबॉलच्या व्यावसायिक संघाचा इतिहास म्हणून सामान्यतः जय-पराजयांची जंत्री दिली जाते. ती आवश्यक असते. परंतु संघ म्हणजे नेमके काय, हा प्रश्न तिने सुटत नाही. खेळाडू बदलतात, मार्गदर्शक बदलतात, प्रसंगी मैदानही बदलते. तीस वर्षांपूर्वी खेळणारा एकही गडी आज मैदानावर नसतो. तरीही संघ तोच मानला जातो. हे सातत्य कशात असते? ते नावात असते, असे उत्तर प्रथमदर्शनी सुचते. मुंबईचे कंपनी-संघ आणि कोल्हापूरचे तालीम-संघ या दोन परंपरांच्या आधारे हे उत्तर कितपत टिकते, याची परीक्षा करता येईल.

मुंबईतील रोव्हर्स चषक स्पर्धा १८९१ साली सुरू झाली. आरंभीची अनेक वर्षे हा चषक गोऱ्या लष्करी पलटणींकडेच जात असे. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स या संघाने तो जिंकला, तेव्हा प्रथमच तो भारतीय संघाच्या हाती आला. स्वातंत्र्योत्तर काळात मुंबईच्या फुटबॉलचा भार मुख्यतः गिरण्या, रेल्वे, तेलकंपन्या आणि मोठे कारखाने यांनी उचलला. टाटा, मफतलाल, कॅल्टेक्स, एअर इंडिया ही नावे कूपरेज मैदानावर संघांची नावे म्हणून रूढ झाली. खेळाडूला कंपनीत नोकरी मिळे आणि त्या नोकरीच्या आधारावर तो खेळे. धंदेवाईक खेळाडू हा शब्द टाळून धंदेवाईक खेळाची सोय करणारी ही व्यवस्था होती. तीत खेळाडूच्या धन्याचे नाव तेच संघाचे नाव होणे स्वाभाविक होते.

याच व्यवस्थेतून १९६२ साली महिंद्रा आणि महिंद्रा कंपनीचा संघ उभा राहिला. २००० साली त्याचे नाव ‘महिंद्रा युनायटेड’ असे झाले. या नावाची घडण लक्षणीय आहे. इंग्लंडमध्ये ‘युनायटेड’ हे पद बहुधा गावाच्या नावापुढे येते. न्यूकॅसल युनायटेड हे नाव १८९२ साली, त्या शहरातील ईस्ट एंड आणि वेस्ट एंड या दोन संघांपैकी दुसरा मोडल्यानंतर, पहिल्याने सर्व शहराचे म्हणून घेतले. मुंबईच्या नावात गावाची जागा कंपनीने घेतली आणि मुंबईचा उल्लेख राहिला नाही. संघाला मिळालेले ‘जीपमेन’ हे टोपणनावही वस्तीवरून वा रंगावरून आले नाही. ते कारखान्याच्या उत्पादनावरून आले.

मैदानावरील या संघाचे कर्तृत्व मोठे आहे. त्याने ड्युरँड चषक १९९८, २००१ आणि २००८ या वर्षी, फेडरेशन चषक २००३ आणि २००५ साली, तर आय. एफ. ए. शील्ड २००६ आणि २००८ साली जिंकली. डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली २००५-०६ च्या हंगामात तो राष्ट्रीय फुटबॉल लीगचा विजेता ठरला. २००७ साली त्याने आशियाई संघांच्या ए. एफ. सी. चषकात उपांत्यपूर्व फेरी गाठली. असा संघ २००९-१० च्या हंगामानंतर बंद झाला. तो हरत होता म्हणून बंद झाला नाही. शालेय वयाच्या मुलांच्या फुटबॉलकडे लक्ष वळविण्याचे कंपनीने ठरविले आणि व्यावसायिक संघ संपला. पुढच्याच वर्षी, २०११ मध्ये, पंजाबातील फगवाड्याच्या जे. सी. टी. गिरणीचा संघही बंद पडला. १९९६-९७ ची पहिली राष्ट्रीय लीग याच संघाने जिंकली होती.

यावरून कंपनीचे नाव धारण करणारा संघ अल्पायुषीच असावयाचा, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो घाईचा ठरेल. हॉलंडमधील आइंडहोव्हन येथील पी. एस. व्ही. या संघाच्या आद्याक्षरांत फिलिप्स कंपनीचे नाव आहे आणि १९१३ पासून तो खेळत आहे. लंडनचा आर्सेनल हा संघ १८८६ साली वुलिच येथील दारूगोळ्याच्या कारखान्यातील कामगारांनी काढला. १९१३ साली तो उत्तर लंडनमध्ये गेला. कारखाना मागे राहिला, नाव मात्र टिकले. आज ते नाव उच्चारणाऱ्यांच्या मनात शस्त्रागाराचा अर्थ क्वचितच उभा राहत असेल. विशेषनामाचा मूळ अर्थ असा झिजत जातो आणि ते नाव वापरणाऱ्यांचे होते. हे गावांच्या नावांतही दिसते. सातारा जिल्ह्यातील कोयनानगर हे नाव नदीवरील धरणप्रकल्पाने दिलेले, म्हणजे वरून आलेले. तथापि ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर हे नाव उच्चारताना पाटण खोऱ्याला केवळ प्रकल्पाची वसाहत आठवत नाही. त्या पहाटे माणसे गमावलेले गाव आठवते. तेव्हा नावाचा उगम निर्णायक नसतो.

उलट बाजूने पाहिले तर गावाचे नाव असणे हेही पुरेसे नसते. पुणे फुटबॉल क्लब २००७ साली एका उद्योगसमूहाने स्थापन केला. २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये तो उपविजेता होता. काही वर्षांतच त्याचा वरिष्ठ संघ बंद झाला. २०१४ साली आलेला एफ. सी. पुणे सिटी २०१९ मध्ये संपला आणि त्याची लीगमधील जागा हैदराबादला गेली. दोन्ही नावांत पुणे होते. परंतु संघ राहावा की जावा, हे ठरविण्याचा कोणताही अधिकार पुण्याकडे नव्हता.

कोल्हापूरची परंपरा येथे उपयोगी पडते. ‘तालीम’ हा मूळ अरबी शब्द फारसीमार्गे मराठीत आला. त्याचा मूळ अर्थ शिक्षण. मराठीत तो नाटकाच्या सरावासाठी आणि मल्लविद्येच्या जागेसाठी रूढ झाला. शाहू छत्रपतींच्या कारकिर्दीत (१८९४–१९२२) कुस्तीला मिळालेल्या आश्रयाने कोल्हापूरच्या तालमी भरभराटीस आल्या. पुढे याच तालमींनी फुटबॉल उचलला. पाटाकडील तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ ही नावे पाहावीत. ‘पाटाकडील’ हे स्थलवाचक विशेषण आहे, ‘दिलबहार’ फारसी आहे, ‘मंडळ’ संस्कृत आहे. आणि खेळ इंग्रजांचा. संकर पूर्ण असूनही यांतील एकही नाव परके वाटत नाही. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठच्या पेठ आपल्या संघामागे उभी राहते. तालमीत फुटबॉलखेरीज गणेशोत्सव असतो, वर्गणी असते, अडल्यानडल्यास धावून जाणे असते. संघ हे त्या जीवनाचे एक अंग असते. म्हणून एखाद्या आश्रयदात्याने हात आखडता घेतला तरी संघ मोडत नाही.

या व्यवस्थेचा गौरव करताना तिच्या मर्यादा झाकणे योग्य नव्हे. पेठेची ईर्षा कधी मैदानावर हाणामारीचे रूप घेते. शिवाय तालीम खेळाडूला मान देते, जन्माची उपजीविका देऊ शकत नाही. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला आणि पुढे महाराष्ट्राबाहेरच्या व्यावसायिक संघांकडे गेला. कंपनी-संघाने जे दिले, म्हणजे नोकरी, शास्त्रशुद्ध शिक्षण व राष्ट्रीय स्पर्धा, ते तालमीच्या आवाक्याबाहेरचे होते.

मराठीत ‘महिंद्राचा संघ’ आणि ‘पेठेचा संघ’ या दोन्ही प्रयोगांत षष्ठीचा प्रत्यय एकच आहे. पहिल्यात तो स्वामित्व दाखवितो, दुसऱ्यात अंगांगिभाव. जमीन मालकाची असते आणि हात शरीराचा असतो. मालक जमीन विकू शकतो, शरीर हात विकू शकत नाही. संघाची ओळख या दोन षष्ठींपैकी कोणत्या षष्ठीवर उभी आहे, हे त्याच्या विजयांवरून कळत नाही, नावावरूनही कळत नाही. संघ बंद करण्याचा अधिकार कोणाकडे आहे, एवढ्यावरूनच कळते. आर्सेनल वा पी. एस. व्ही. टिकले, कारण त्यांच्या बाबतीत पहिली षष्ठी हळूहळू दुसरीत मिसळत गेली. मुंबईत त्यासाठी अठ्ठेचाळीस वर्षे मिळाली, पण कूपरेजच्या प्रेक्षकाला संघात कोणतेही स्थान मिळाले नाही.

या भेदाचा परिणाम इतिहाससाधनांवरही होतो. तालमीची आठवण पेठेत पिढ्यानुपिढ्या चालते. बंद झालेल्या कंपनी-संघाची आठवण सांभाळणारी वस्ती नसते. त्याची कागदपत्रे कचेरीच्या दप्तरात आणि वृत्तपत्रांच्या जुन्या अंकांत विखुरलेली राहतात. त्या संघांतून खेळलेले अनेक खेळाडू अद्याप हयात आहेत. त्यांच्या मुलाखती नोंदविणे आणि ती कागदपत्रे एकत्र करणे हे काम विद्यापीठीय संशोधकांनी आताच हाती घेतले पाहिजे; कारण ते करणारी दुसरी कोणतीही पेठ या संघांच्या मागे उभी नाही.