प्रबंधाचा प्रश्न कोठे सापडतो? डिलाईल रोडचे एक उत्तर

१/ संगणकशास्त्रातील प्रबंधाचा आरंभ संगणकापासून होतो, असा सर्वसाधारण समज आहे. या शास्त्राचा इतिहास मात्र निराळे सांगतो. आरंभ होतो तो एखाद्या अडचणीला नेमक्या प्रश्नाचे रूप मिळते तेव्हा. डिलाईल रोडवर, म्हणजे आजच्या ना. म. जोशी मार्गावर, अशी एक अडचण शंभर वर्षे मुक्कामाला आहे. 🧵

२/ १९२०च्या दशकात येथे बी.डी.डी.च्या ३२ चाळी उभ्या राहिल्या. १६० चौरस फुटांच्या खोल्यांत गिरणी कामगारांचे संसार थाटले गेले. त्यांतील अनेक जण ‘बदली’ होते. कायम कामगार गैरहजर असला, तरच बदलीला काम मिळे. रोज पहाटे गिरणीच्या फाटकावर उभे राहायचे आणि कोणाला आत घ्यायचे ते जॉबर, म्हणजे मुकादम, ठरवणार. त्यासाठी दस्तुरीही मोजावी लागे.

३/ १९३५ साली मुंबईच्या गिरणीमालक संघाने बदली नियंत्रण योजना आणली. दर महिन्याच्या आरंभी ठरावीक बदलींना कार्डे द्यायची आणि रिकाम्या जागी त्यांनाच आधी घ्यायचे. मुकादमाच्या मर्जीला नियमाचा लगाम घालण्याचा हा प्रयत्न होता. आजच्या परिभाषेत, निवडीची ही एक कार्यपद्धतीच होय.

४/ अडचणीतून प्रबंध कसा घडतो? १९३७ साली एमआयटीमध्ये क्लॉड शॅनन हा एकवीस वर्षांचा विद्यार्थी एका गणनयंत्राच्या रिले-मंडलांवर काम करत होता. मंडलांची जुळणी किचकट होती. त्याने विचारले: बूलच्या तर्कगणिताने ही मंडले मांडता येतील काय? या एका प्रश्नावर लिहिलेला पदव्युत्तर प्रबंध अंकीय मंडलांच्या रचनेचा पाया ठरला.

५/ तेव्हा ‘संगणकशास्त्र’ ही विद्याशाखाच नव्हती. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९६० साली ‘टिफ्रॅक’ हा स्वतः बांधलेला संगणक कार्यान्वित केला. अमेरिकेत या विषयातील पहिल्या दोन डॉक्टरेट १९६५ साली मिळाल्या. त्यांपैकी एक मेरी केलर या जोगिणीची. म्हणजे यंत्र आणि प्रश्न आधी आले, पदवी मागाहून.

६/ १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. पुढे बहुतेक गिरण्या बंद पडल्या आणि जमिनींवर मनोरे उठले. माजी कामगारांना घरे देण्यासाठी म्हाडाने सोडती काढल्या. १ मार्च २०२० च्या सोडतीत बॉम्बे डाईंग व श्रीनिवास मिलच्या जागेवरील ३,८९४ घरे होती. निवड संगणकाने केली. फाटकावरचा जुना प्रश्न नव्या रूपात परतला: नाव कोणाचे लागणार, हे कोण ठरवते?

७/ ‘सोडत न्याय्य असते का?’ हा प्रबंधविषय होऊ शकत नाही. तो फार पसरट आहे. पण ‘ज्याचे नाव लागले नाही, त्याला निवड खरोखर यादृच्छिक होती हे कोणावरही विश्वास न ठेवता स्वतः पडताळता येईल काय?’ हा होऊ शकतो. यात कोणाला, काय, कोणत्या अटीवर सिद्ध करून दाखवायचे हे ठरलेले आहे.

८/ या प्रश्नाला पूर्वजही आहेत. १९८१ साली मॅन्युएल ब्लम यांनी विचारले: परस्परांवर विश्वास नसलेल्या दोघांना दूरध्वनीवरून नाणेफेक करता येईल काय? त्यांचे उत्तर असे, की एकाने आपली निवड आधी गणिती कुलपात बंद करून द्यावी, दुसऱ्याने आपला कौल सांगावा आणि मग कुलूप उघडावे. निवड मागाहून बदलता येत नाही आणि कुलूप उघडण्यापूर्वी वाचताही येत नाही.

९/ तेव्हा पहिल्या महिन्याचे काम स्पष्ट आहे: ब्लमपासून पुढचे लेखन वाचणे, अर्जदार, आयोजक आणि तपासनीस यांच्या भूमिका एका पानावर मांडणे आणि दहा नावांची सोडत काढणारा छोटा प्रोग्रॅम लिहिणे. लाखांचा हिशेब नंतर.

१०/ प्रबंधाच्या पहिल्याच प्रकरणात एक मर्यादाही नोंदवावी लागेल. १९३५च्या कार्डाने रांगेला क्रम दिला, गिरणीतल्या जागा वाढवल्या नाहीत. पडताळता येणारी सोडतही घरांची संख्या वाढवणार नाही. रिकाम्या हाताने परतणाऱ्याला आपण का परतलो, एवढे मात्र ती दाखवून देईल. फाटकावरच्या बदलीला तेवढेही कधी कळत नसे.